खालच्या फळीवर

पत्र आलं, बारीक अक्षरात.
मोठ्या अक्षरातलं मी मागितलं होतं
गेल्या वर्षी, आणि त्याच्या आदल्याही.
भिंग धरून वाचलं: न्यूपोर्ट, मंगळवार,
नऊ वाजून दहा मिनिटं, तिसरा मजला.
तळाशी एक ओळ:
विशेष सोय हवी असल्यास फोन करावा.

सोय पाहुण्यांची करतात.
जादा उशी, गरम पाण्याची पिशवी.

सत्तावन्न मिनिटं फोनमध्ये बासरी वाजली.
हाताला मुंग्या आल्या तेव्हा फोन उशीवर ठेवला
आणि कान फोनवर.
मग एक मुलगा आला. कॉरिन, म्हणाला.
लिफ्ट आहे? आहे.
पण आग लागली तर लिफ्ट बंद होते.
आग लागल्यास आपण विनासहाय्य जिना उतरू शकाल का?
उतरता आलं असतं तर तुला कशाला छळलं असतं, बाळा?
हो किंवा नाही सांगा.
नाही.
मग आपल्याला तिसऱ्या मजल्यावर येता येणार नाही.
तळमजला?
तिथे दुसरं ऑफिस आहे.
मग मी यायचं कुठे?
बोटांचा आवाज, कळांवर.
न आल्यास गैरहजर अशी नोंद होईल.

एकोणीस वर्षं मी शाळेच्या स्वयंपाकघरात वाढलं.
कुणाला शेंगदाणा चालत नसे, कुणाला दूध,
ओवेनला बटाट्याला टेकलेला वाटाणा चालत नसे.
त्याचं ताट मी वेगळं करायचे.
त्याच्याकडे कुणी फॉर्म मागितला नाही.

फोन ठेवताना कॉरिन हळूच बोलला,
त्याच्यासमोरच्या कागदावर नसलेलं:
पत्र लिहा. ‘बरं होईल’ लिहू नका.
‘लागेल’ लिहा.

लिहिलं. डाव्या हाताने,
उजवा त्या आठवड्यात रुसला होता.
तपासणी घरी लागेल.
मध्ये विश्रांती लागेल.
बहीण मेरेरिड सोबत लागेल.
पुढून एक्केचाळीस पायऱ्या आहेत,
तेव्हा मागच्या गल्लीने यावं लागेल,
तिथे शेजारच्या ग्विलिमने जुनी दारं जोडून उतार केलाय.
(एका दाराला अजून पत्रांची झडप आहे,
तिच्यावरून जाताना चाक खटकतं. हे लिहिलं नाही.)
तीन पत्रं, दोन पोचपावत्या,
डॉक्टरची एक सही, न लागणारी.

ती आली. पुढून.
बॅग, लॅपटॉप, गळ्यात ओळखपत्र, चेहरा बिटासारखा.
चौकट धरून उभी राहिली.
मागून उतार आहे, मी म्हटलं, पत्रात लिहिलं होतं.
माझ्यापर्यंत, ती म्हणाली,
आणि एक श्वास घेऊन, आलं नाही.
मेरेरिडची बस अजून यायची होती.

थोडं पाणी मिळेल?

आणि मी अडकले.
आईने लावलेलं वळण माझ्याआधी उठतं.
त्या दिवशी पाय जरा बरे होते,
ओटा धरून चार पावलं गेलेही असते,
आणि ती चार तिच्या पडद्यावर
चाळीस झाली असती.
रात्रभराच्या ठणक्याला तिथे रकाना नाही.
दारी आलेल्याला पाणी न देणं
मी या खुर्चीत बसून शिकले.

नळ तिथे, म्हटलं. पेले खालच्या फळीवर.

ती वाकली. गुडघे वाजले.
खालच्या फळीवर सगळंच होतं:
पेले, चहा, साखर, गोळ्यांचा डबा,
एक कंदील, वीज गेली तर.
बराच वेळ ती तशीच उकिडवी राहिली,
माझ्या उंचीवर.
मग वर पाहिलं, रिकाम्या कपाटांकडे.
पाणी प्यायली. आणखी घेतलं.

आपण पाच मिनिटं थांबूया का?
थांबूया, मी म्हटलं. तुम्हाला लागेल.

मग नाव. जन्मतारीख.
मी पुढे काही बोलायच्या आतच
तिने काहीतरी टाइप केलं,
दीड ओळ असेल.
पडद्याची पाठ माझ्याकडे होती.
मागे उतारावर झडप खटकली.
मेरेरिड असेल,
नाहीतर वारा.